सोनं कुठं थांबवायचं?

संपादकांची अट होती, समीकरण एकही नको, निपाणीच्या वाचकालाही कळलं पाहिजे. त्या वाचकाची काळजी त्यांनी करू नये. हुपरी शेजारीच, चांदीवर सोन्याचं पाणी कसं चढतं हे त्या पट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. माझी अडचण उलटी आहे. सोन्याच्या प्लेटिंगवर काम करतो म्हटलं, की पाहुणे पैंजण पुढे करतात.

आम्ही सोनं फटीत चढवतो. सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याच्या दोन पट्ट्या, टोकासमोर टोक. एकच रेणू दोन्हीकडून धरायचा तर मधली फट एक-दोन नॅनोमीटर हवी, म्हणजे सोन्याचे तीन ते सात अणू मावतील एवढी. नुसत्या लिथोग्राफीनं, म्हणजे चकतीवर नक्षी उमटवायच्या तंत्रानं, इतकं जवळ जाणं फार अवघड. 1999 मध्ये स्टॅनफर्डच्या मोरपुर्गो, मार्कस आणि रॉबिन्सन यांनी पट्ट्या सोन्याच्या सायनाइडयुक्त द्रावणात बुडवल्या, टोकांवर सोनं बसवत नेलं आणि त्याच वेळी फटीची वाहकता मोजत राहिले. जास्त बसलं तर विद्युतदाब उलटा करायचा, सोनं पुन्हा विरघळतं.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला एक जुना प्लेटिंगवाला चिपचा फोटो बघून म्हणाला, "सर, टोकालाच जास्त बसणार बगा." बरोबर बोलला. करंट टोकावर गर्दी करतो. एखादा कण पुढे सरसावला की पुढचं सोनं त्याच्याकडेच धावतं. फट सगळीकडून सारखी मिटत नाही ती यामुळे.

आता माझा जुना वाद. उरलेली फट आम्ही बघत नाही, प्रवाहावरून ताडतो. निर्वातात फट 0.1 नॅनोमीटरनं घटली की ती ओलांडणारा प्रवाह साधारण दहापट होतो. पाण्यात हे प्रमाण वेगळं, शिवाय आयनांचा प्रवाह त्यात मिसळतो. तरी लोक 'फट 1 नॅनोमीटर' असं छातीठोक छापतात. भरवशाची खूण एकच : एका अणूनं टोकं जुळली की रोध 12.9 किलोओमच्या आसपास येतो, आलेख पायरी घेतो. आणि ही खूण मिळते तेव्हा फट उरलेलीच नसते! (आमच्याकडच्या व्होल्टेजवर, वळवाच्या दिवसांत, अशी स्वच्छ पायरी काढणं खायचं काम नाही, हे मुद्दाम नोंदवतो.)

यंदा एका विद्यार्थिनीनं फट साधली, चिप धुऊन वाळवली, रेणू बसवला; प्रवाह वाहिला. परीक्षक खूश. पण वाळताना पृष्ठताणानं टोकं ओढली गेली नसतील कशावरून? साध्या तापमानालाही सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकतात. रेणू न घातलेल्या काही चिपांतूनही प्रवाह गेला होता. तो तक्ता तिनं प्रामाणिकपणे दिलाय, पण परिशिष्टात. परीक्षकांना ते चाललं. मला तो पहिल्या प्रकरणात हवा होता.

पदवी मिळाली, मिळायलाच हवी होती. हात माझ्यापेक्षा स्थिर आहे तिचा. प्रवाह रेणूतूनच गेला का, हे तपासायची वाट आहे : द्रव हीलियमच्या थंडीत रेणूच्या कंपनांच्या खुणा प्रवाहात उमटतात, नुसत्या सोन्यात तशा सापडत नाहीत. ती सोय आमच्याकडे नाही, चिप बंगळुरूला जायची आहे. वाटेत स्थिर विजेनं जळू नये म्हणून दोन्ही पट्ट्या तिनं बाहेरून तारेनं जोडून ठेवल्यात.