वेग बफच्या काठावर मोजायचा

बफिंग मशिन विकणारा मोटरचे हॉर्सपॉवर सांगतो, पण काम चांगलं होणार की बिघडणार हे ठरतं बफच्या काठाच्या वेगावर. सहा इंची कापडी बफ मिनिटाला २८०० फेरे फिरला, तर त्याच्या काठाचा वेग मिनिटाला सुमारे १३०० मीटर होतो. पितळेच्या समईला तो मानवतो. एबोनाइटचं पेन त्याच बफला टेकवलं तर बघता बघता तापतं, आणि ॲक्रिलिक मऊ होऊन त्यावर ओरखड्यांचे पट्टे उठतात. माझ्या मुलुंडच्या घरातल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये ही सगळी कामं चालतात. वेग कमीजास्त करता येणारं तयार मशिन छंदाच्या मानाने महाग होतं, म्हणून ते घरीच बांधायचं ठरवलं.

जुन्या वॉशिंग मशिनची किंवा पंपाची मोटर भंगारात सहज मिळते. पण ती बहुधा इंडक्शन मोटर, तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्‌झशी बांधलेला. चार पोलची असेल तर साधारण १४४० फेरे. तिला पंख्याचा रेग्युलेटर लावणारे भेटतात. मी त्या वाटेला गेलो नाही. व्होल्टेज निम्मं केलं की अशा मोटरचा जोर चौथाईवर येतो, आणि बफवर भांडं जरा दाबलं की ती गुरगुरत थांबते. स्टेप पुलीचा मार्ग जुना आणि भरवशाचा. फक्त दर वेळी मशिन थांबवून पट्टा सरकवावा लागतो.

मला हवी ती मोटर ट्रेडमिलमध्ये होती. उपनगरांतल्या किती फ्लॅटांत ट्रेडमिल येते, काही महिने चालते, मग तिच्यावर कपडे वाळतात आणि घर बदलताना ती भंगारात जाते. बोर्ड जळालेला असला तरी मोटर बहुतेक वेळा धडधाकट असते. साकीनाक्याच्या भंगारात मिळालेली माझी मोटर १८० व्होल्ट डीसीची, आत कायमचे चुंबक असलेली. हिचा वेग व्होल्टेजवर चालतो आणि जोर करंटवर, त्यामुळे वेग उतरवला तरी जोर टिकतो. मंद वेगात काम करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही!

लोहार चाळीतून मोठ्या क्षमतेचा डिमर आणि लॅमिंग्टन रोडवरून ब्रिज रेक्टिफायर आणला. २३० व्होल्ट एसीचं डीसी केलं की ते सरासरी २०७ व्होल्टपर्यंत जातं, म्हणून डिमरची चावी १८०च्या पुढे फिरू नये असा खिळा ठोकला आहे. हे सगळं थेट मेन्सवर आहे. त्यामुळे फ्यूज, दोन्ही तारा तोडणारा स्विच आणि मोटरच्या अंगाला पक्कं अर्थिंग, यांत काटकसर केली नाही. ट्रेडमिलच्या मोटरवरचं जड चाक बऱ्याचदा उलट्या आट्यांवर बसवलेलं असतं. मोटर विरुद्ध दिशेने फिरवली तर ते सुटून निघू शकतं. दिशा आधी पाहून घ्यावी.

बफ थेट मोटरवर चढवला नाही. नागदेवी स्ट्रीटवर २० मिलिमीटरचे दोन यूसीपी २०४ बेअरिंग ब्लॉक मिळाले. शाफ्ट आणि मोठी पुली भांडुपच्या एका गाळ्यात लेथवर करून घेतली. तिथल्या तरुण कारागिराने काम हातात घेण्याआधीच विचारलं, “काका, दोन्ही टोकांना एकसारखेच आटे पाडू का?” मी म्हटलं, “नको रे, उजवीकडे सुलटे, डावीकडे उलटे.” तसं केलं की बफ फिरताना नट घट्ट होत जातो. मोटर पूर्ण वेगाला ४००० फेऱ्यांच्या आसपास जाते, निम्म्या गुणोत्तराने शाफ्टवर २००० मिळतात. सहा इंची बफच्या काठाला हे मिनिटाला सुमारे ९५० मीटर होतात. ६०० फेऱ्यांवर उतरवलं की जेमतेम २८०. समई ते पेन एवढी मजल एका चावीत बसते. सगळा खर्च साडेतीन हजारांत आटोपला.

वस्तू धरायची ती बफच्या मध्यरेषेच्या खाली, आणि तिची कड फिरण्याच्या दिशेकडे पाठ करून. वरच्या बाजूला धरलेली कड बफ पकडतो आणि भांडं अंगावर फेकतो. हातमोजे घालत नाही, बाह्या वर, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांत बफिंगची धूळ शोषून जपून ठेवतात, कारण तिच्यात सोनं असतं. माझ्या धुळीत पितळ, बफला लावायचा साबण आणि सुताचे धागे असतात. ती पेट घेऊ शकते, म्हणून काम संपलं की लगेच काढून टाकतो.

यंत्र हाताशी आलं की प्रत्येक भांड्यावर चालवावंसं वाटतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारलेल्या तांब्यावर ते चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. हातोडीच्या ठोक्यांनी उठलेली नक्षी हेच त्या भांड्याचं मोल, आणि सायसलचा खरखरीत बफ ती सपाट करतो. अशा भांड्याला चिंच-मीठ पुरे. कल्हईची आतली बाजूही बफपासून लांब ठेवतो; कथलाचा तो थर इतका पातळ असतो की एका फटक्यात खालचं पितळ उघडं पडतं.

मोटरचे कार्बन ब्रश झिजतात. त्याच मापाची एक जोडी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.