शनिवारचा फोन

रेल्वेने मनमाडपलीकडे कधी न गेलेल्या जालन्याच्या एक आजी तपासणीस आल्या. गोळ्या नियमित घेऊनही रक्तदाब वाढलेला होता. त्यांचा नातू विद्यार्थी-विनिमय योजनेतून जर्मनीत शिकतो. तिथे २०२३ पासून एका मासिक पासावर देशभरच्या प्रादेशिक गाड्यांतून हिंडता येते. दर शनिवारी तो नवे गाव पाहतो आणि रात्री १० वाजता खोलीवर परतल्यावर फोन करतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात. मग अडीच वाजतात. हे ठाऊक नसलेल्या आजींनी तो एक तास देवापुढे बसून काढला होता.

औषध वाढवण्याआधी, त्यांच्या संमतीने, मी नातवाशी बोललो. आता तो दुपारी ४ वाजता गाडीतूनच बोलतो. इथे साडेआठ झालेले असतात. पोहोचल्याचा निरोप आजी सकाळी वाचतात. महिन्याभरात झोप सुधारली, रक्तदाबही उतरला.

अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो. तरीही गोळ्या मनाने बंद करू नका. काळजी करू नका, असे मी कोणत्याच आजीला सांगत नाही. घरच्यांनी त्या काळजीला झोपेआधीची वेळ नेमून द्यावी.