लोखंडी पुलाला आता मोकळं करा

दिल्लीच्या यमुनेवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून रेल्वे धावत राहिलीच पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने मांडत आलो. गाड्या बंद झाल्या की पुलाचं भंगार व्हायला कितीसा वेळ लागतो, हा माझा मुद्दा. आज मात्र मी म्हणतो, गाड्या काढून घ्या आणि पूल ठेवा.

ही नदी मराठी माणसाला नवी नाही. १७६० च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत, अब्दाली पैलतीरी आणि मध्ये दुथडी भरलेली यमुना. ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि पानिपत अटळ झालं. त्याच यमुनेवर १८६६ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेने पूल बांधला आणि कलकत्त्याची गाडी थेट दिल्लीत शिरली. बारा गाळे, एकेक दोनशे फुटांहून लांब; वर रूळ, खाली रस्ता. १९१३ मध्ये दुसरा मार्ग जोडला गेला. अलीकडच्या तीरावर रूळ सरळ सलीमगडातून काढलेले. सत्तावनचं बंड मोडलेल्या इंग्रजांना बादशाही किल्ल्याची कसली फिकीर!

पण सांगाडा देखणा आहे. खालून चालताना वर गाडी आली की तिरप्या पट्ट्या, रिव्हेटांच्या रांगा, हाताखालचा कठडा, सगळं थरथरतं. ती थरथर म्हणजेच पुलाचा जीव, असं मला वाटायचं.

जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ चा विक्रम मोडला. पुलावरची वाहतूक थांबवावी लागली, आणि तरी त्या दिवसांत सगळी दिल्ली याच पुलाकडे डोळे लावून होती. कारण यमुनेची पातळी इथेच मोजतात. २०५.३३ ही धोक्याची खूणही इथलीच, आणि खादरातल्या, म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यातल्या, झोपड्या कधी हलवायच्या ते याच आकड्यांवरून ठरतं. एकही गाडी नसताना पूल शहराच्या कामाचा होता. माझा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

दीडशे वर्षांहून जुन्या पुलावर रोजचा भार कशाला? माझा आग्रह आता एवढाच, की रूळ रिकामे झाले तरी रंगाचा, रिव्हेट तपासण्याचा आणि खांबांच्या पायाची पाहणी करण्याचा खर्च दरवर्षीच्या हिशेबात राहावा, आणि तो कोणी करायचा हे शेवटची गाडी जाण्याआधी लेखी ठरावं.