जालन्याचे ऊन आणि निळीचे कापड

कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले जालना शहर मराठवाड्याच्या व्यापारी नकाशावर शतकानुशतके ठळकपणे उमटलेले आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही येथील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. निजामी राजवटीत मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग शहरातून गेला आणि येथील कापूस, धान्य व गूळ दूरच्या बाजारांस जोडला गेला. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. लोखंडी सळयांच्या गिरण्या, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीचे मळे ही त्याची आजची ओळख होय. स्थानकवासी परंपरेतील कर्नाटकगजकेसरी गुरु गणेशलालजी महाराज यांच्या तपोधामामुळे जैन समाजाच्या दृष्टीने तर हे शहर तीर्थस्थानच ठरले आहे.

अशा या गावात कापडाच्या एका विशिष्ट प्रकाराची चर्चा करावी, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु कापड आणि जालना यांचा संबंध नवा नाही. जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या गावाचे नाव आढळते. १९७३ च्या सुमारास येथे झालेल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी आहे. ज्या मार्गांनी अशा वस्तू समुद्रापार गेल्या, त्याच मार्गांनी दख्खनचे सुती कापडही बैलगाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. तगर म्हणजे आजच्या तेरहून साधे कापड व तलम वस्त्रे येत, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

आज त्याच प्रदेशातील तरुण सदर बाजारातल्या दुकानांत जीन्सची विजार मागतो. अलीकडे त्यातील काहीजण ‘कोऱ्या’ डेनिमची चौकशी करतात. कोरे म्हणजे विणल्यानंतर एकदाही न धुतलेले, गडद निळे, पुठ्ठ्यासारखे ताठ कापड. वापरणाऱ्याच्या अंगावर हळूहळू विटत जाऊन त्याच्या चालण्या-बसण्याची खूण धारण करणे, हेच त्याचे वैशिष्ट्य मानले जाते. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या जालन्यात असे कापड वापरावे काय, वापरल्यास धुवावे कसे आणि व्यापाऱ्याने विकावे कोणत्या विचाराने, हे तीन प्रश्न कापडव्यवसायातील कुटुंबांनी विचार करण्याजोगे आहेत.

कापडाची घडण

डेनिम हे तिरप्या विणीचे सुती कापड. त्याचा ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो. म्हणून बाहेरची बाजू निळी व आतली फिकट दिसते. नाव फ्रान्समधील नीम या गावावरून आले, असे मानले जाते. मात्र जाड निळ्या कापडाला इंग्रजीत मिळालेले ‘डंगरी’ हे दुसरे नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेले आहे. खलाशी व कामकरी लोकांसाठीचे हे जाडेभरडे डोंगरी कापड एकेकाळी मुंबईतून परदेशी जात असे. २० मे १८७३ रोजी अमेरिकेत जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांना विजारीच्या खिशांवर तांब्याचे खिळे ठोकण्याचे पेटंट मिळाले आणि श्रमिकांच्या या पोशाखाने जगभर संचार सुरू केला.

नीळ पाण्यात विरघळत नाही. रसायनाच्या साहाय्याने ती विद्राव्य करून त्या हौदात सुताच्या जुड्या बुडवतात व बाहेर काढून हवेत धरतात. प्राणवायू लागताच पिवळट-हिरवे सूत निळे होते. ही बुडी अनेक वेळा दिली तरी रंग सुताच्या वरच्या थरांतच राहतो, गाभा पांढराच उरतो. म्हणून जेथे घर्षण होते तेथे निळा थर झिजून पांढरेपणा डोकावतो. रंग पक्का नसणे हा एरवी कापडाचा दोष, पण येथे तोच त्याचा अलंकार ठरला आहे.

जाडी मोजण्याचे माप औंसात असते. बारा औंसाचे कापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे चारशे ग्रॅम, तर एकवीस औंसाचे सातशे ग्रॅमांहून अधिक. सोळा औंसांपुढच्या कापडास शौकीन मंडळी ‘भारी’ म्हणतात.

जालन्याच्या उन्हात

जाड कापड उन्हाळ्यात त्याज्यच, असा सरसकट निर्णय देणे बरोबर नाही. या भागातील शेतकरी पिढ्यानपिढ्या जाडेभरडे धोतर नेसून भर उन्हात औत हाकत आला आहे. जाड सुती कापड घाम शोषते आणि झळांपासून त्वचेचे रक्षणही करते. फरक इतकाच की धोतर सैल असते, त्यात वारा खेळतो. जीन्स अंगाला चिकटते. तेव्हा खरा शत्रू वजन नसून तंगपणा होय. येथील कोरड्या हवेत घाम लवकर सुकतो, पण कापड आणि कातडी यांच्यात जागा असेल तरच.

यावरून काही साधे नियम निघतात. दहा ते बारा औंसांचे सैल बेताचे कापड जालन्यात वर्षातील बराच काळ चालते. चौदा औंसांचे कापड दिवाळीपासून होळीपर्यंत सुखाने वापरता येते. त्याहून भारी कापड हिवाळ्यातील सकाळ-संध्याकाळपुरतेच ठीक. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी कोरी विजार वापरण्यास काढली, तर शिमग्यापर्यंत तिचा ताठपणा मोडून ती अंगासारखी होते. पावसाळ्यात मात्र ती घडी करून ठेवावी. दमट हवेत जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्यास बुरशीचा वास धरतो.

सळयांच्या गिरण्यांत भट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या बाबतीत जाड सुती कापडाला आणखी एक कारण आहे. ठिणगी पडली तर सूत करपते, परंतु कृत्रिम धाग्याप्रमाणे वितळून कातडीला चिकटत नाही. फॅशन म्हणून मिरवला जाणारा पोशाख येथे पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतो.

दुकानाच्या गादीशी मात्र या कापडाचे जमत नाही. कोऱ्या डेनिमचा सुटा रंग पहिले काही महिने स्पर्श होईल तेथे लागतो. पांढऱ्या चादरीच्या गादीवर मांडी घालून बसणाऱ्या व्यापाऱ्याने ते घातले, तर संध्याकाळी रोजमेळ बंद करताना चादरीवरही निळी खतावणी उमटलेली दिसेल. सामायिक, प्रतिक्रमण व पूजेची शुभ्र वस्त्रे या कापडाबरोबर एका घमेल्यात कधीही भिजवू नयेत, हे घरातील गृहिणींना वेगळे सांगणे न लगे.

धुणे आणि न धुणे

कोऱ्या डेनिमचे चाहते सहा-सहा महिने विजार धूत नाहीत, कारण रंग सर्वत्र सारखा न उतरता घड्यांवर उतरावा अशी त्यांची इच्छा असते. थंड मुलुखात हे चालत असेल, जालन्याच्या उन्हाळ्यात ते आरोग्यास घातक आहे. साचलेल्या घामाने जांघेत गजकर्णासारखे त्वचारोग बळावतात. घामातील क्षार व मळ शिवणींचा दोरा कमजोर करतात आणि महागाची विजार नेमकी मांड्यांच्या सांध्यात फाटते.

मध्यममार्ग असा. रोज रात्री विजार उलटी करून सावलीत, वाऱ्यावर टांगावी. हिवाळ्यात सहा ते आठ आठवड्यांनी, उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी किंवा वास येताच धुवावी. आतली बाजू बाहेर काढून, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने चोळावी. दगडावर आपटू नये, थापी वा ताठ ब्रश लावू नये. शिवणींवरचा रंग त्याने पट्ट्यांनी उडतो. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही आणि कापडावर क्षार बसतात. साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. वाळवणे सावलीतच व्हावे, कारण वैशाखाचे ऊन निळीचा रंग जलद मारते. पहिल्या धुण्यात कापड आकसते. आधी आटवून न घेतलेले कापड शेकडा सात ते दहापर्यंत आटते. शिंप्याकडे माप देताना हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचा हिशेब

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शहराचा आधार असलेला घाणेवाडी तलाव आटला आणि नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहावी लागली. पुढे जायकवाडीचे पाणी शहरात आले. तरीही पाण्याची ती आठवण घराघरांत टिकून आहे. जैन श्रावकास तर पाणी ही केवळ वस्तू नाही, अप्काय जीव आहे. म्हणून येथे हिशेब दुहेरी होतो.

लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका जीन्सच्या संपूर्ण आयुष्यात सुमारे ३,७८१ लिटर पाणी खर्ची पडते. त्यातील अडुसष्ट टक्के कापूस पिकवण्यात आणि तेवीस टक्के ग्राहकाच्या घरी धुण्यात जाते. जालन्यातील बराचसा कापूस कोरडवाहू असल्याने हे आकडे येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु दिशा स्पष्ट आहे. धुणे कमी करणे चांगले, त्याहून चांगले म्हणजे एक विजार दीर्घकाळ वापरणे.

उदाहरणादाखल एक जमाखर्च मांडून पाहू. तीन हजार रुपयांची कोरी विजार पाच वर्षे, वर्षाला दीडशे दिवस वापरली, तर एका वापराचा खर्च चार रुपये येतो. नऊशे रुपयांची, कारखान्यातच विटवलेली विजार दीड वर्ष टिकली, तरी तोच खर्च चार रुपये येतो. पैशाच्या रकान्यात दोन्ही सारख्या. परंतु पाच वर्षांत पहिलीची एक, तर दुसरीच्या तीनांहून अधिक विजारी लागतात. तेवढा जादा कापूस, तेवढे जादा पाणी.

शिवाय जी विजार विकत घेतानाच जुनी दिसते, तिचा जुनेपणा कोणीतरी किंमत मोजून आणलेला असतो. तो ज्वालामुखीजन्य सच्छिद्र दगडांबरोबर घुसळून किंवा रसायन फवारून आणला जातो. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई घटकांमुळे वालधुनी नदीचे पाणी निळे-काळे वाहत असे आणि त्यावर कारवाई करावी लागली. वाळूचा मारा करून कापड विटवणाऱ्या तुर्कस्तानातील तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साचून अनेकांचा बळी गेला, तेव्हा त्या देशाने २००९ मध्ये ही पद्धत बंद केली. कोऱ्या कापडात हा सारा भाग गळून पडतो, हा त्याचा मोठा गुण होय.

व्यापाऱ्याचा धर्म

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्र’ रचताना श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची चर्चा केली आहे. त्यातील लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर निळीचाही समावेश आहे. पाने कुजवून नीळ काढण्याच्या हौदांत असंख्य सूक्ष्म जीवांची हानी होते, हे त्यामागील कारण. दख्खनमध्ये निळीने कापड रंगवणारी निराळी जात होती आणि तिच्याकडून रंगीत माल घेणारे व्यापारीही होते. तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

१८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पाने कुजवण्याचे हौद ओस पडले. म्हणून दोष संपला काय? तो स्थलांतरित झाला, असे म्हणणे अधिक योग्य. कुजवण्याच्या हौदातून तो नदीच्या पात्रात आणि कामगाराच्या छातीत गेला. कर्मादानाचा भाव ज्यास समजला, तो केवळ शब्दाला धरून बसणार नाही.

या धंद्याशी जैन समाजाचा संबंध थोर आहे. अहमदाबादच्या लालभाई कुटुंबाने १९३१ मध्ये स्थापलेल्या अरविंद मिलने १९८० च्या दशकात डेनिमचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ती जगातील मोठ्या उत्पादकांत गणली गेली. त्याच घराण्यातील कस्तुरभाई लालभाई यांनी आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष म्हणून राणकपूर व देलवाड्याच्या मंदिरांचा जीर्णोद्धार घडवला. आपल्या राज्यात यवतमाळला रेमंडचा डेनिम कारखाना उभा राहिला. कापसाच्या बाबतीत तर जालना उगमापाशीच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे स्थापलेल्या महिको कंपनीच्या बीटी कापूस वाणांना २००२ मध्ये देशात प्रथम परवानगी मिळाली.

अशा साखळीत शेवटी बसलेल्या किरकोळ दुकानदाराने काय करावे? त्याच्या हाती तीन गोष्टी आहेत. पहिली, चौकशी. कमरेवरची पट्टी चामड्याची की कागदी, हे विचारण्याची सवय अनेक जैन घरांत आहेच. पूर्वी गिरण्यांच्या खळीत जनावरांची चरबी मिसळली जात असे, हे जाणून खळ कशाची हेही ठोक व्यापाऱ्यास विचारावे. दुसरी, खरे बोलणे. मे महिन्यात एकवीस औंसांची विजार खपवण्याऐवजी ‘दिवाळीला या’ असे सांगणारा दुकानदार एक विक्री गमावतो, पण पिढीजात गिऱ्हाईक जोडतो. तिसरी, दुरुस्ती. विकलेली विजार फाटल्यास रफू करून देण्याची सोय दुकानाशेजारच्या शिंप्याशी ठरवून ठेवली, तर मालाचे आयुष्य वाढते आणि शिंप्यालाही काम मिळते.

घराघरांतून चातुर्मासात चौदा नियम धारण केले जातात. त्यांत वस्त्राची मर्यादा आहे तशी स्नानाचीही आहे, म्हणजे कपडा आणि पाणी या दोहोंचा संकोच एकाच यादीत सांगितला आहे. तरुण मुलगा एकच विजार पाच वर्षे वापरतो, बेताने धुतो, फाटली तर शिवून घेतो आणि तिच्या विटण्यात भूषण मानतो, तेव्हा त्याला विक्षिप्त म्हणून हसण्यापेक्षा घरातील वडिलांनी त्या यादीतील हे दोन शब्द त्यास समजावून सांगावेत. फॅशन उद्या बदलेल. मर्यादेची सवय लागली, तर ती मात्र पुढच्या कपड्यालाही उपयोगी पडेल.