पाखराचा एक रात्रीचा मुक्काम

सुरतेत मकरसंक्रांतीला तिळगुळाहून पतंगाचा मान मोठा. उत्तरायणाच्या दिवशी सारे शहर गच्चीवर चढते. डबगरवाडात त्याआधी कितीतरी दिवस चरख्यांवर मांजा चढत असतो. काचेच्या पुडीने धार आलेला हा मांजा पतंग कापतो, तसेच पंखही कापतो. पहाटे चाऱ्यासाठी निघालेले आणि सांजवेळी झाडाकडे परतणारे पक्षी त्यात सापडतात. पारवे सर्वांत अधिक; पण घारी, बगळे, शराटीही सुटत नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ज्यांचा जवळजवळ निर्वंश केला, ती गिधाडेसुद्धा गुजरातेत मांज्याला बळी पडली आहेत.

एका उत्तरायणाला आमच्या गच्चीवर काळा शराटी येऊन पडला. माझी आजी कोणत्याही पाखराला कोकणीत 'सुकणें' म्हणे. त्या नाजूक शब्दात हा लांब वाकड्या चोचीचा, माथ्यावर तांबडा डाग असलेला पाहुणा मावेना. शेजारच्या मावशी दूध-हळद घेऊन धावल्या. त्यांची माया खरी, पण पक्ष्याला दूध पचत नाही. शिवाय त्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, त्यामुळे चोचीत ओतलेले पाणी फुप्फुसात उतरू शकते. रुतलेला दोरा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा. मग भोके पाडलेले खोके, तळाशी जुने धोतर, अंधार, ऊब आणि शांतता. घरी करण्याजोगे एवढेच. मुले रात्रभर खोक्याभोवती घोटाळत होती. "हा आपल्याकडेच राहू दे ना," असा धाकटीचा हट्ट. सकाळी स्वयंसेवक येऊन त्याला घेऊन गेले तेव्हा ती रडली. मी तिची समजूत घातली नाही. पंखाच्या पुढच्या कडेतील स्नायुबंध तुटला असेल तर तो पुन्हा उडणार नाही, हे मला ठाऊक होते.

गुजरात सरकारचे 'करुणा अभियान' २०१७ पासून दर जानेवारीत चालते. वनखाते, पशुवैद्य आणि स्वयंसेवक त्यात राबतात. पण सुरतेची ही दया त्याहून फार जुनी. १६८९ साली प्रवासाला निघून येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने वाण्यांच्या प्राण्यांच्या इस्पितळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. ढेकणांचेही तेथे पोषण होई, हे वाचून त्याच्या देशबांधवांना हसू आले असेल.

पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊन पर्वकाळी सोडण्याचे पुण्य मात्र मला पटत नाही. सुटलेल्या प्रत्येक पाखराच्या जागी पारधी दुसरे पकडतो. आपला देशी पोपट पाळणे तर १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी पक्ष्यांची गोष्ट निराळी. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या ऑस्ट्रेलियन बजरीला आकाशात सोडणे म्हणजे तिला मरणाच्या दारी लोटणे. तिला सांभाळलेच पाहिजे. ज्याच्या घरी आफ्रिकेचा करडा पोपट आहे, त्याला २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणीही करावी लागते.

उत्तरायण संपले तरी झाडांवर लोंबणारा मांजा संपत नाही. होळीपर्यंत त्यात वटवाघळे आणि पारवे अडकतात. म्हणून वासी उत्तरायणानंतरच्या रविवारी आम्ही काहीजण लांब बांबूला कोयता बांधून देवळाच्या पिंपळाखाली जमतो. गेल्या वर्षी एक पोतेभर दोरा निघाला.