उदगीरला लागला, नेपाळला नाही

आईचं माहेर उदगीर, सासर औराद. १९५६ पर्यंत दोन्ही तालुके एकाच बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि औराद म्हैसूर राज्यात आलं. आई तेव्हा तीन वर्षांची. पुढे लग्न होऊन ती इकडे आली, तरी भाऊबीजेला एसटीत बसून माहेरी जायचं आणि तिसऱ्या दिवशी परतायचं, यात राज्याची हद्द तिला कधी आडवी आली नाही.

आली ती २०२१ मध्ये. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकानं ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला होता. मामा आजारी, म्हणून आई उदगीरला गेली आणि परतताना नाक्यावर थांबवली गेली. मी मोटारसायकल घेऊन पोचलो तेव्हा ती लिंबाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ‘‘माझ्याच घरी जायला कागद मागलालेत रे,’’ एवढंच म्हणाली. उदगीरला परत जाऊन नाकातला नमुना दिला, दुसऱ्या दिवशी अहवाल आला, मग घरी आलो. तो अहवाल तिनं अजून ट्रंकेत जपून ठेवलाय.

हे आधी सांगितलं, कारण २०२३ च्या हिवाळ्यात गल्लीतल्या चौदा जणांनी पशुपतिनाथाला जायचं ठरवलं आणि यात्रा नेणाऱ्या एजंटानं तिकिटावर माणशी १,५०० रुपये ‘व्हिसा ऑन अरायव्हल’चे म्हणून मागितले, तेव्हा आईनं ते बिनतक्रार मोजले. तिचा हिशोब सरळ होता. उदगीरहून यायला कागद लागला, मग नेपाळ तर दुसरा देश. मी शाळामास्तर. आमच्यासोबत जाणारा मीच तेवढा शिकलेला, आणि मीही विचारलं नाही. ‘‘लागत असेल,’’ म्हणालो. शेजारच्या काकूंनी तुरीच्या काढणीला जाऊन पैसे जमवले होते. बाईमाणसाला दिवसाची मजुरी ३०० रुपये. म्हणजे पाच दिवस वाकून काढलेली तूर.

रेल्वेनं गोरखपूर, तिथून साधारण १०० किलोमीटरवर सोनौली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग, मध्ये सायकलरिक्षा, हातगाड्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया. पुढे कमान आणि कमानीपलीकडे बेलहिया, म्हणजे नेपाळ. आईनं मतदार ओळखपत्र हातात काढून ठेवलं होतं. त्यावर तिचं नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत आहे. तिला दोन्ही वाचता येत नाहीत, फोटोवरून ती कार्ड ओळखते. ‘‘यावर नाव माझंच हाय ना?’’ तिनं मला तिसऱ्यांदा विचारलं. शिपायानं आमच्या घोळक्याकडे एक नजर टाकली, हातानं ‘चला’ केलं, आणि आम्ही चालत नेपाळात गेलो. कार्ड कुणी हातातही घेतलं नाही.

मला राहवलं नाही. पलीकडच्या इमिग्रेशनच्या कचेरीत शिरलो. एक गोरं जोडपं अर्ज भरत होतं, पुढ्यात डॉलरच्या नोटा. पंधरा दिवसांचे ३० डॉलर, तीस दिवसांचे ५०, नव्वद दिवसांचे १२५. ‘‘हमारा?’’ मी विचारलं. आतल्या माणसानं मान वर केली. ‘‘इंडियन? आपका कुछ नहीं लगता.’’ भारत-नेपाळ मैत्रीचा करार ३१ जुलै १९५० चा, आणि भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा नाहीच. विमानानं गेलं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं, जमिनीवरून जाताना ओळखपत्र जवळ असलेलं बरं, एवढंच. हे सगळं औरादला बसून, दहा मिनिटांत कळलं असतं. मी ती दहा मिनिटं दिली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

परतल्यावर एजंटाला गाठलं. तो म्हणाला, ते पैसे भन्सारला गेले. भन्सार म्हणजे नेपाळची जकात, भारतीय नंबरच्या गाडीला ती दिवसाच्या हिशोबानं भरावी लागते हे खरं. पण आमची बस सोनौलीतच सुटली होती आणि पुढची बस नेपाळीच नंबरची होती. हे त्याच्या तोंडावर मांडल्यावर त्यानं पैसे काढले. नऊ जणांनी घेतले. पाच जण मागायलाच आले नाहीत, त्यांत काकूही. ‘‘देवाच्या वाटेवर गेलेले पैसे परत मागू नयेत, मास्तर.’’ मी त्यांना कळवळून सांगितलं की काकू, ते देवाच्या वाटेवर गेलेलेच नाहीत. त्यांनी ऐकलं नाही.

तेव्हापासून भालकी, आळंद, अफजलपूरकडचे ओळखीचे लोक यात्रेआधी मला फोन करतात. मी प्रत्येक देशाचं वेगळं सांगतो. इंडोनेशियाला विमानतळावर व्हिसा खरंच विकत घ्यावा लागतो, ५ लाख रुपिया. भूतानला व्हिसा नाही, पण परवाना आहे आणि मुक्कामाच्या दर रात्रीचे १,२०० रुपये आहेत. आणि कुणी पैसे मागितले तर पावती घ्या, पावतीवर ‘कशाचे’ ते लिहून घ्या, हे मी दोनदोनदा बजावतो.

आईला मात्र त्या १,५०० रुपयांचं काही आठवत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करावं लागलं, ते आठवतं. आणि पशुपतिनाथाचं देऊळ. तिथं रांगेत कुणीतरी सांगितलं की गाभाऱ्यातले भट्ट पुजारी कर्नाटकातून आलेले असतात. आईनं पदर सारखा केला आणि मागच्या काकूंकडे वळून म्हणाली, ‘‘म्हंजे आपल्याच राज्यातले की.’’ सत्तर वर्षांत कर्नाटकाला ‘आपलं राज्य’ म्हणताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.