धावरं

आमच्या वेल्ह्याकडं त्याला धावरं म्हणतात. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत आम्ही तिकीट वेल्ह्याचंच मागतो.) डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात, आयुर्वेदात विसर्प. मला धावरं हाच शब्द कामाचा वाटतो, कारण लक्षण त्यातच सांगून टाकलंय. ते धावतं. सकाळी घोट्यापाशी असलेली सूज रात्री पोटरीवर असते.

आत शिरायला त्याला वाट लागते, आणि आमच्याकडं ती वाट म्हणजे चिखल्या. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की माणसं दिवसच्या दिवस खाचरातल्या पाण्यात उभी असतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फाटते, खाजते. हे बहुतेकदा बुरशीचं काम. त्यानं कुणी मरत नाही, म्हणून कुणी लक्षही देत नाही. पण त्या फटीतून स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू आत जातात, आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायात त्यांना फारसं कुणी अडवत नाही.

माझे चुलते, नाना, शुगरवाले. दोन वर्षांपूर्वी मी लावणीसाठी सुट्टी टाकून गेलो होतो, तेव्हा त्यांचा डावा पाय सुजला. कुणीतरी नागीण म्हणालं आणि काकूनं गेरू उगाळून थापला. नागीण वेगळी. ती विषाणूची, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड येतात. इथं फोड नव्हते, अख्खी पिंढरी ताणून चकचकीत झाली होती. गेरूची अडचण ही, की त्याच्या रंगाखाली लालीची हद्द दिसत नाही.

आशाताई भलत्याच कामासाठी आल्या होत्या. त्यांनी आधी गेरू धुवायला लावला, मग हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्ही पिंढऱ्या चाचपल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नेटवर सेल्युलायटिस शोधलं की बहुतेक गोरे पाय दिसतात, टोमॅटोसारखे लाल. उन्हात रापलेल्या पायावर ती लाली जांभळट-काळपट दिसते, कधी दिसतच नाही. तिथं ऊब, सूज आणि दुखणं हाताला कळतं. ऊब संपली तिथं ताईंनी बॉलपेननं रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली, ५:१०. "रेघेबाहेर गेलं, नायतर थंडी वाजली, तर सकाळची वाट बघायची न्हाई."

आमच्या कामात याला मॉनिटरिंग म्हणतात आणि त्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

खरं तर त्यांचं म्हणणं लगेच निघा असंच होतं. पण नाना हटून बसले. "आरं, दोन खाचरं राहिल्यात. पाय काय पळून जातोय?"

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "तुझा पाय न्हाई पळत. ते पळतं."

तिचा थोरला भाऊ धावऱ्यानं गेला होता, ती परकरात असताना. पुढं १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, आणि देशात पेनिसिलिन बनायला लागलं. तेही आमच्याच जिल्ह्यात. आजीच्या भावाला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

नऊ वाजता सूज रेघेच्या दोन बोटं वर होती आणि नाना दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. शेजारच्यांची पिकअप काढली. मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ, भोर. पाऊस असा, की वायपर नुसता नावाला.

भोरच्या डॉक्टरांनी आधी रेघ पाहिली, मग वेळ विचारली. शुगर तीनशेच्या वर. त्यांनी पाय ठिकठिकाणी दाबला. कुठं काळं पडलंय का, फोड, बधिरपणा, दिसतंय त्यापेक्षा भलतंच जास्त दुखणं? तसं असतं तर मांस सडायला लागल्याची शंका, मग नुसत्या औषधानं भागत नाही, तातडीनं ऑपरेशन. तसं नव्हतं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लाली आणखी थोडी पसरलेली पाहून माझा जीव वर-खाली झाला. डॉक्टर म्हणाले, पहिला दिवस-दीड दिवस असं दिसू शकतं, ताप उतरतोय ना ते बघा. ताप उतरत होता. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. सुयांपेक्षा नाना याच गोष्टीला जास्त वैतागले. चार दिवसांनी गोळ्यांवर घरी. तोवर गावानं इर्जिक घालून दोन्ही खाचरं लावून टाकली होती.

सोडताना डॉक्टर धावऱ्याबद्दल कमी आणि चिखल्यांबद्दल जास्त बोलले. एकदा झालेल्या पायात ते पुन्हा येतं, वाट बुजवली नाही तर. संध्याकाळी साबणानं पाय धुवायचे, बेचक्या कोरड्या फडक्यानं टिपायच्या, बुरशीचं मलम बरं दिसायला लागल्यावरही सांगितलेले दिवस लावायचं. न विचारता दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब नको. तिनं खाज दोन दिवसांत थांबते आणि खाली बुरशी मजेत वाढते. गमबूट मी सुचवून पाहिले. लावणीच्या चिखलात ते पायातून निघून तिथंच उभे राहतात.

यंदा जूनमध्येच नानांचा फोन आला. येताना मलम आण, तीन ट्यूबा, काकूला आणि शेजारच्यांनाही. नाव चुकायला नको म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, शेवटपर्यंत पिळून चपट्या केलेल्या ट्यूबचा.